नाडीवर बोट ठेवून धावलेला माणूस

मिलान शहरात नेपोलियनच्या काळात बांधलेलं एक लंबगोल मैदान आहे. त्याला नुसतं अरेना म्हणतात. १५ जुलै १९३९ या दिवशी तिथे इटली आणि जर्मनी या दोन देशांमधले मैदानी सामने चालले होते. दुसरं महायुद्ध अवघ्या दीड महिन्यावर येऊन ठेपलं होतं. आठशे मीटरच्या शर्यतीला बंदुकीचा बार झाला आणि इटलीचा मारियो लांझी सुसाट पुढे निघाला. त्याचं धावणंच तसं होतं. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक, पुढे राहायचं आणि मागच्याचा दम काढायचा. त्याच्या मागे एक पंचवीस वर्षांचा जर्मन तरुण बिनघोर धावत होता. शेवटच्या टप्प्यात हा तरुण लांझीला मागे टाकून पुढे गेला तो गेलाच. पंचांनी घड्याळं पाहिली. एक मिनिट ४६.६ सेकंद.

आधीचा जागतिक विक्रम होता एक मिनिट ४८.४ सेकंदांचा. सिडनी वूडरसन या चष्मा लावून धावणाऱ्या, किरकोळ अंगाच्या इंग्रज वकिलाने तो वर्षभरापूर्वीच केला होता. आठशे मीटरमध्ये विक्रम मोडायचा तर सेकंदाच्या एखाद-दुसऱ्या दशांशाने मोडावा, अशी रीत. इथे एका फटक्यात जवळजवळ दोन सेकंद उडाले. लांझी दुसरा आला तो दोन सेकंदांहून अधिक मागे.

हा तरुण म्हणजे ड्रेस्डेनचा रुडॉल्फ हार्बिग. त्याचा तो विक्रम सोळा वर्षं टिकला. आपल्या श्रीराम सिंगने १९७६ साली माँट्रियल ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत एक मिनिट ४५.७७ सेकंद अशी वेळ दिली, आणि तो भारतीय विक्रम २०१८ सालापर्यंत अबाधित होता, एवढं सांगितलं म्हणजे १९३९ सालच्या ४६.६ची किंमत कळेल. तेव्हा रबरी ट्रॅक नव्हते. कोळशाची राख आणि चुरी अंथरलेली धावपट्टी असे आणि पायात खिळ्यांचे कातडी बूट.

तेहेतीस वर्षं बँकेत खाती जुळवलेल्या आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिलेल्या माणसाला या जर्मन धावपटूचं काय पडलंय, असं कुणी विचारील. कारण अगदी घरगुती आहे. आमची सून मॅरेथॉनची तयारी करते. तिच्या मनगटावरचं घड्याळ तिला धावताना सारखं काही ना काही सांगत असतं. आता झोन दोन, आता झोन तीन, आता वेग कमी करा. ती कधीकधी एवढी सावकाश धावते की माझ्यासारखा पासष्टीचा माणूसही चालत तिला गाठील. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली की बाबा, वेग मी ठरवत नाही, नाडी ठरवते. हा प्रकार पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आला याचा माग काढत गेलो, तो थेट ड्रेस्डेनला जाऊन पोचलो.

हार्बिगचा जन्म ८ नोव्हेंबर १९१३चा. घर साधंच. तो नऊ महिन्यांचा होण्याच्या आत पहिलं महायुद्ध सुरू झालं होतं. तो दहा वर्षांचा होता तेव्हा जर्मन मार्कची किंमत एवढी घसरली होती की लोक पगार टोपल्यांतून घरी नेत. बँकेतल्या माणसाला १९२३ सालचा जर्मनी म्हटलं की अंगावर काटा येतो. चलनफुगवट्याचं प्रकरण शिकवताना आम्हाला हेच उदाहरण देत असत. त्यातून जरा सावरतात तोच मंदी आली, बेकारी आली आणि त्या पाठोपाठ हिटलर. विशीतला हार्बिग या सगळ्यातून वर आला तो धडधाकट पायांच्या जोरावर. १९३४ साली बर्लिन ऑलिम्पिक दोन वर्षांवर आलं होतं आणि जर्मनीत गावोगाव अज्ञात खेळाडू हुडकण्यासाठी शर्यती भरवल्या जात होत्या. ड्रेस्डेनच्या अशाच एका शर्यतीत हा पोरगा आठशे मीटर धावला. वेळ काही डोळे दिपवणारी नव्हती. पण मैदानाच्या कडेला वोल्डेमार गेर्शलर नावाचे प्रशिक्षक उभे होते. तेही तिशीचेच. त्यांनी त्याला हेरलं.

इथून पुढे हार्बिगची गोष्ट ही दोघांची गोष्ट आहे.

गेर्शलर यांच्या आधी धावण्याचा सराव म्हणजे काय होतं? लोक लांब चालायला जात, रानात धावत, आणि अंगात असेल तेवढं एकदा जोरात पळून घेत. त्यात शिस्त आणली ती फिनलंडच्या पाव्हो नुर्मीने. नऊ ऑलिम्पिक सुवर्णपदकांचा हा धनी हातात स्टॉपवॉच घेऊन धावत असे, प्रतिस्पर्ध्याकडे न बघता घड्याळाकडे बघत असे. गेर्शलर यांनी त्याच्यापुढचं पाऊल टाकलं. घड्याळ बाहेरचं आहे, ते पाय किती वेगाने गेले एवढंच सांगतं. त्या वेगाची शरीराला काय किंमत पडली, हे सांगणारं दुसरं घड्याळ आत छातीत चालू आहे. ते वाचलं पाहिजे. ते वाचायला त्या काळी यंत्र नव्हतं आणि लागतही नव्हतं. मनगटावर किंवा गळ्याशी दोन बोटं ठेवायची आणि दहा सेकंद मोजायचं. वीस ठोके लागले तर मिनिटाला एकशेवीस, तीस लागले तर एकशेऐंशी. आपल्याकडे वैद्य पिढ्यानपिढ्या नाडी बघत आले, पण ती रोग्याची. धडधाकट माणसाची, आणि तीही पळता पळता थांबवून, हे नवीन होतं.

या कामात त्यांना जोड मिळाली हान्स राइन्डेल या फ्रायबुर्गच्या हृदयतज्ज्ञाची. खेळाडूचं हृदय सामान्य माणसाच्या हृदयापेक्षा मोठं असतं, हे १८९९ सालीच स्वीडनमधल्या एका डॉक्टराने स्कीपटूंच्या छातीवर बोटांनी ठोकून, नुसत्या आवाजावरून ताडलं होतं. पण मोठं हृदय हा आजार की कमाई, यावर डॉक्टरांमध्ये पुढे कितीतरी वर्षं वाद होता. राइन्डेल यांनी क्ष-किरणांनी खेळाडूंची हृदयं मोजून सांगितलं की ही कमाई आहे. आपलं हृदय स्वस्थ बसलेलं असताना दर ठोक्याला सुमारे सत्तर मिलिलिटर रक्त ढकलतं, म्हणजे मिनिटाला पाचेक लिटर. कसलेल्या धावपटूचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून विश्रांतीत त्याला चाळीस-पन्नास ठोके पुरतात. आणि जोर लावायची वेळ आली की तेच हृदय मिनिटाला तीस लिटरच्या वर मजल मारू शकतं. ठोके वाढवणं कुणालाही जमतं. ठोक्याचं माप वाढवणं ही खरी गोष्ट.

ते वाढवायचं कसं, यावर गेर्शलर-राइन्डेल यांचं उत्तर ऐकून मी प्रथम चकित झालो. आधी हलकं धावून नाडी एकशेवीसच्या आसपास आणायची. मग शंभर, दीडशे, दोनशे मीटरचा एक जोरदार तुकडा. नाडी एकशेसत्तर-ऐंशीवर जाते. आता थांबायचं. पुन्हा कधी धावायचं? मनाला वाटेल तेव्हा नाही, प्रशिक्षक शिट्टी वाजवील तेव्हाही नाही. नाडी परत एकशेवीसवर उतरेल तेव्हा. त्यासाठी फार तर दीड मिनिट. तेवढ्यात उतरली नाही तर तुकडा जास्त वेगाचा किंवा जास्त लांबीचा झाला, पुढचा कमी करा. तरीही उतरत नसेल तर आजचा सराव संपला, घरी जा. नाडी लौकर उतरू लागली की समजायचं, हृदय घडतंय.

म्हणजे सगळा भर धावण्यावर नव्हता. दोन धावांमधल्या थांबण्यावर होता. राइन्डेल यांचं म्हणणं असं की पाय थांबतात पण रक्त अजून वेगाने हृदयाकडे परत येत असतं, त्या काही क्षणांत हृदय सर्वात जास्त भरतं, ताणलं जातं आणि त्यातच ते वाढतं. आजचं शरीरशास्त्र ही मीमांसा जशीच्या तशी मान्य करत नाही. पण या पद्धतीचं नावच थांबण्यावरून पडलं: इंटरव्हल ट्रेनिंग, म्हणजे मधल्या अवकाशाचा सराव. आज जिमपासून शाळेच्या मैदानापर्यंत सगळीकडे हा शब्द ऐकू येतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की तो जोरात पळण्याविषयी आहे. (बँकेत नाजूक जागांवरच्या अधिकाऱ्याला वर्षातून सलग काही दिवस सक्तीच्या रजेवर पाठवण्याची पद्धत आहे. कारण वेगळं असतं, त्याच्या गैरहजेरीत कागद बघता यावेत हे. पण परत येणारा माणूस ताजातवाना दिसायचा हे मात्र मी पाहिलेलं आहे.)

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. एकशेवीस-एकशेऐंशीचं हे काटेकोर कोष्टक पूर्ण आकाराला आलं ते युद्धानंतर, फ्रायबुर्गला. हार्बिगच्या वेळी त्याचं बीज होतं. मोजलेले तुकडे, मोजलेली विश्रांती, आणि त्या विश्रांतीला दिलेला मान. पण बीज रुजलं ते याच माणसाच्या छातीत.

आणि ते लगेच रुजलं असंही नाही. ऑगस्ट १९३६मध्ये बर्लिनला, आपल्याच देशात, आपल्याच प्रेक्षकांसमोर हार्बिग आठशे मीटरच्या पहिल्याच फेरीत बाद झाला. पोटाच्या दुखण्याने तो हैराण होता. हे तेच ऑलिम्पिक, जिथे जेसी ओवेन्सने चार सुवर्णपदकं घेतली आणि ध्यानचंदच्या संघाने अंतिम सामन्यात जर्मनीचा धुव्वा उडवला. हार्बिगला थोडी सावरायला सवड मिळाली आणि ९ ऑगस्टला तो चार गुणिले चारशेच्या रिलेत धावला. ब्रिटन पहिला, अमेरिका दुसरी, जर्मनी तिसरी. कांस्यपदक. त्याचं ऑलिम्पिकमधलं हे एकमेव पदक. १९४०चं ऑलिम्पिक झालं नाही. १९४४चंही नाही.

बर्लिननंतर मात्र त्याला कुणी सहसा अडवलं नाही. १९३८ साली पॅरिसला युरोपीय स्पर्धेत आठशेचं सुवर्ण आणि रिलेचंही सुवर्ण. मग १९३९. मिलानच्या विक्रमाला महिना व्हायच्या आत, १२ ऑगस्टला, फ्रँकफर्टला तो चारशे मीटर धावला आणि तिथेही जागतिक विक्रम केला, ४६.० सेकंद. मिल्खासिंग १९६० साली रोममध्ये ४५.६ सेकंदांत धावून चौथे आले, ती हळहळ आपल्या पिढीने घराघरातून ऐकली आहे. हार्बिगची ही वेळ त्याच्या एकवीस वर्षं आधीची. शिवाय चारशे आणि आठशे ही दोन वेगळी दैवतं आहेत. चारशेला वेग लागतो, आठशेला वेगाच्या जोडीला दम. एकाच माणसाकडे एकाच वेळी दोन्ही विक्रम असणं ही फार दुर्मिळ गोष्ट.

फ्रँकफर्टनंतर वीस दिवसांनी जर्मन रणगाडे पोलंडमध्ये घुसले.

युद्धाच्या पहिल्या वर्षांत हार्बिग सैन्यात असूनही अधूनमधून धावत होता. २४ मे १९४१ला ड्रेस्डेनमध्ये, घरच्या गावी, त्याने हजार मीटरचा जागतिक विक्रम केला. दोन मिनिटं २१.५ सेकंद. आधीचा विक्रम फ्रान्सच्या ज्यूल लादूमेगचा होता आणि तो अकरा वर्षं जुना होता. यानंतर चार आठवड्यांनी जर्मनीने रशियावर स्वारी केली.

आता इथे एक नकोसा विषय आहे आणि तो टाळून पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. हार्बिग नाझी पक्षाचा आणि त्यांच्या तपकिरी डगलेवाल्या एसए संघटनेचा सभासद होता. त्या राजवटीला त्याच्या विक्रमांचा उपयोग होता आणि तिने तो करून घेतला. काही चरित्रकार हे एका ओळीत उरकतात, काही याशिवाय दुसरं काही बघायलाच तयार नसतात. मी कादंबरीकार आहे. त्याच्या मनात काय चाललं असेल हे रंगवणं मला अवघड नाही, पण हा लेख म्हणजे कादंबरी नव्हे. मला एवढंच म्हणायचं आहे की आपण ज्याच्या पायांचं कौतुक करतो त्याने अंगावर कोणता गणवेश चढवला होता, हेही आपल्याला माहीत असावं. ते माहीत असूनही मिलानची ती शर्यत मला थोर वाटते. आणि ती थोर वाटूनही तो गणवेश माझ्या नजरेआड होत नाही. दोन्ही रकमा खात्यावर आहेत, एकीची दुसरीतून वजावट होत नाही.

हार्बिग छत्रीधारी सैनिकांच्या तुकडीत होता. ५ मार्च १९४४ला युक्रेनमध्ये, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यासोबत लढताना तो मारला गेला. वय तीस. आठ महिन्यांपूर्वीच, सिसिलीत, लांब उडीवाला लुत्झ लाँग गेला होता. तोच तो, बर्लिनच्या मैदानावर ओवेन्सशी मैत्री करणारा. ज्या पिढीने बर्लिनला पदकं मिळवली ती अशी रणांगणावर विखुरली. हार्बिगच्या मागे ड्रेस्डेनमध्ये पत्नी गेर्डा होती आणि तान्ही मुलगी. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत ड्रेस्डेनवर बाँब पडले आणि शहराचा मध्यभाग जळून गेला.

गेर्शलर मात्र वाचले. युद्ध संपल्यावर ते फ्रायबुर्गला गेले, विद्यापीठात राइन्डेल यांच्या शेजारी बसले आणि जे काम हार्बिगवर सुरू केलं होतं ते देशोदेशींच्या धावपटूंवर पुरं केलं. १९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशाचा जोसी बार्थेल पंधराशे मीटर जिंकला, तो गेर्शलर यांचा शिष्य. कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पदक घेताना हा गडी ढसाढसा रडला. आपल्याला हेलसिंकी आठवतं ते खाशाबा जाधवांसाठी. त्यांनी कुस्तीत कांस्यपदक घेतलं ते बार्थेलच्या शर्यतीच्या तीनच दिवस आधी. कराडजवळच्या गोळेश्वरचा पैलवान आणि लक्झेंबर्गचा हा रसायनशास्त्राचा पदवीधर एकाच गावात, एकाच आठवड्यात हिरो झाले. इंग्लंडचा गॉर्डन पिरी हाही गेर्शलर यांच्याकडे येऊन शिकून गेला.

मग ३ ऑगस्ट १९५५. ओस्लो. बेल्जियमचा रोजर मोएन्स, पेशाने पोलीस, आठशे मीटर एक मिनिट ४५.७ सेकंदांत धावला आणि हार्बिगचा विक्रम अखेर मोडला. दुसरा आलेला नॉर्वेचा बॉयसनही त्या दिवशी हार्बिगच्या वेळेच्या आत होता. मोएन्सच्या सरावाची पद्धत गेर्शलर यांचीच. म्हणजे गुरूने एका शिष्याचा विक्रम आपल्याच विद्येने मोडवला.

पण गेर्शलर यांच्या पद्धतीला विरोधकही भेटले, आणि त्यातला सर्वात कडवा जर्मनीतलाच. एर्न्स्ट फान आकेन नावाचे डॉक्टर सांगू लागले की हे तुकडे-तुकडे धावणं पुरे करा; सावकाश धावा, लांब धावा, नाडी एकशेतीसच्या आसपास ठेवा, गप्पा मारता आल्या पाहिजेत. तिकडे न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियार्ड हेच वेगळ्या तऱ्हेने सांगत होते आणि त्यांचे शिष्य १९६०च्या रोमला सुवर्णपदकं घेऊन गेले. दोन्ही बाजूंनी बरंच तोंडसुख घेतलं गेलं. आज मागे वळून बघताना दिसतं की दोन्ही पक्ष एकाच घड्याळाकडे बघत होते. एक म्हणत होता एकशेऐंशीपर्यंत जाऊन परत या, दुसरा म्हणत होता एकशेतीसवरच रमा. आजचे नाणावलेले धावपटू काय करतात? त्यांच्या सरावाची पाहणी करणाऱ्यांना दिसलं की पाचातले साधारण चार दिवस ते अगदी आरामात धावतात आणि एक दिवस जीव तोडून. मधल्या वेगात, म्हणजे ना धड आराम ना धड कष्ट अशा वेगात, ते फारसे रेंगाळत नाहीत. आपण हौशी लोक नेमके तिथेच रेंगाळतो.

माझ्या सुनेच्या घड्याळातले पाच झोन ते हेच. त्याची घडण मात्र फिनलंडची. १९५७ साली मार्टी कार्व्होनेन या फिनिश शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर सहा वैद्यकीय विद्यार्थ्यांना काही आठवडे ट्रेडमिलवर पळवलं आणि नाडी किती वर गेली म्हणजे शरीर सुधारतं, याची मर्यादा शोधली. त्यांची कल्पना बँकवाल्याला चटकन समजेल अशी आहे. विश्रांतीतली नाडी ही किमान शिल्लक. तिला हात लावता येत नाही. कमाल नाडी आणि ही किमान शिल्लक यांच्यातला फरक म्हणजे तुमचा रिझर्व्ह, खर्च करायचा तो त्यातून. समजा पासष्ट वर्षांच्या माणसाची कमाल नाडी १५५ आणि सकाळी उठल्याबरोबरची ७०. रिझर्व्ह झाला ८५. त्याचे साठ टक्के ५१, त्यात ७० मिळवा. आले १२१. हिशेब केला तेव्हा मला हसू आलं. गेर्शलर यांचा एकशेवीसचा आकडा वेगळ्या कारणासाठी होता, पण फिरून दाराशी तोच उभा.

त्यानंतर १९७७ साली फिनलंडच्या उत्तरेकडे पोलार नावाची कंपनी निघाली आणि १९८२ साली तिने छातीला पट्टा बांधून मनगटावर ठोके दाखवणारं बिनतारी यंत्र बाजारात आणलं. गळ्याशी दोन बोटं धरून दहा सेकंद थांबण्याची गरज संपली. आजच्या घड्याळांना पट्टाही लागत नाही, मनगटातल्या रक्तावर हिरवा उजेड टाकून ती ठोके मोजतात. जोरात हात हलत असले की फसतातही.

आमच्या बागेतल्या सकाळच्या मंडळींसाठी दोन गोष्टी इथेच सांगून टाकतो, कारण तिथे या आकड्यांवरून रोज वाद होतात. २२० वजा वय म्हणजे कमाल नाडी, हे सूत्र १९७०च्या सुमारास दोन अमेरिकन डॉक्टरांनी उपलब्ध आकडे पाहून अंदाजाने मांडलेलं आहे. ते वेदवाक्य नव्हे. एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. २००१ साली बऱ्याच मोठ्या माहितीवरून आलेलं दुसरं सूत्र म्हणतं, वयाची सात दशांश पट २०८मधून वजा करा. पासष्टाव्या वर्षी त्याने १५५ऐवजी १६२ येतात. आणि ज्यांना रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गोळ्या चालू आहेत त्यांची नाडी त्या गोळ्याच खाली धरून ठेवतात. त्यांना ही दोन्ही सूत्रं निरुपयोगी. त्यांनी डॉक्टरांना विचारावं आणि तोवर शेजाऱ्याशी बोलता येईल इतक्या वेगाने चालावं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हृदयतज्ज्ञाने माझी ट्रेडमिल टेस्ट केली तेव्हा पट्टा थांबल्यावरही तिथला माणूस यंत्राकडे टक लावून बसला होता. चाचणी संपली, आता काय बघतोय, असं मला वाटलं. तो बघत होता की नाडी उतरते कशी. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९९९ साली दोन हजारांवर माणसांच्या अशा चाचण्यांचा सहा वर्षं पाठपुरावा करून दाखवलं की थांबल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात ज्यांची नाडी बारा किंवा त्याहून कमी ठोक्यांनी उतरली, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त होतं. हृदय किती वर जातं यापेक्षा ते किती चटकन खाली येतं यात माणसाच्या प्रकृतीची खूण आहे, ही गोष्ट दवाखान्याने अशी आकड्यांत मांडली. तीसच्या दशकात ड्रेस्डेनच्या राखेच्या धावपट्टीवर एक प्रशिक्षक आपल्या शिष्याला दोन धावांच्या मध्ये थांबवत होता, तो याच उताराची वाट बघत.

गेर्शलर १९८२ साली वारले. गेर्डा हार्बिग यांनी पतीचं चरित्र लिहिलं, ते १९५५ साली पूर्व बर्लिनमध्ये छापलं गेलं. ज्या वर्षी ओस्लोला विक्रम मोडला त्याच वर्षी. पश्चिम जर्मनीत १९५०पासून त्याच्या नावे दरवर्षी एका खेळाडूला पारितोषिक दिलं जाऊ लागलं. एकाच माणसाला दोन्ही जर्मनींनी आपलं म्हटलं, हे त्या काळात क्वचित घडलेलं.

ड्रेस्डेनच्या मोठ्या स्टेडियमला १९५१ साली रुडॉल्फ हार्बिग स्टेडियम हे नाव दिलं. १९७१ साली पूर्व जर्मनीच्या सरकारने ते पुसून तिथल्या डायनॅमो फुटबॉल क्लबचं नाव लावलं. १९९०मध्ये, भिंत पडल्यावर, हार्बिग परत आला. २०१०मध्ये नावाचे हक्क एका गॅस कंपनीला विकले गेले, पुढे एका वृत्तपत्र समूहाला. २०१८मध्ये पुन्हा हार्बिग. दरम्यान जुनं स्टेडियम पाडून २००९पर्यंत नवं उभं राहिलं होतं. तीस हजारांवर माणसं बसतात, घरच्या संघाच्या सामन्याला ते पिवळ्या रंगात न्हाऊन निघतं. प्रेक्षकांना खेळ जवळून दिसावा म्हणून खुर्च्या थेट मैदानाच्या कडेपर्यंत आणल्या आहेत. त्यामुळे धावपट्टीला तिथे आता जागा नाही.